सुगंधी मळा आणि मुक्कामाचे घर: फुलाआधीच्या वसंताचा हिशेब

जांभळ्या शेतांची चित्रे आता नांदेडच्या इतवाऱ्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत असतात. लांबच लांब जांभळे पट्टे, मागे जुने दगडी घर, अंगणात पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या. हा लॅव्हेंडरचा मळा आणि त्याला जोडलेले मुक्कामाचे घर. चार पैसे गाठीला असलेल्या व्यापाऱ्याच्या मनात ते पाहून प्रश्न येतोच, की हा धंदा आपल्या भागात होईल का?

चित्र नेहमी फुलांच्या दिवसांतले असते. तो बहर वर्षातून चार ते सहा आठवडे टिकतो. धंद्याचे खरे रूप पाहायचे असेल तर फुले येण्याआधीचा वसंत पाहावा. त्या दिवसांत मळ्यात मजुरी जाते, भट्टीची दुरुस्ती निघते, खोल्यांना रंग लागतो आणि गल्ल्यात मात्र काही येत नाही. हे रिकामे महिने जो भरून काढतो त्याचा मळा टिकतो. म्हणून या लेखात आम्ही वसंताचाच हिशेब मांडणार आहोत, आधी लॅव्हेंडरच्या मुलखातला आणि मग आपल्या मराठवाड्यातला.

उस्तुखुद्दूस आणि लॅव्हेंडर

लॅव्हेंडर हे नाव परके वाटले तरी त्याचे एक भावंड आपल्या ओळखीचे आहे. युनानी दवाखान्यात आणि पंसाऱ्याच्या दुकानात मिळणारे उस्तुखुद्दूस हे लॅव्हेंडरच्याच कुळातले आहे. इत्रीफल उस्तुखुद्दूस हे युनानी औषध आपल्यापैकी अनेकांच्या घरात येऊन गेले असेल. मात्र अत्तर-साबणाच्या धंद्यात ज्याच्या तेलाला किंमत आहे ती जात वेगळी. ती थंड डोंगराळ मुलखात, निचऱ्याच्या चुनखडी जमिनीत वाढते.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स हा तिचा नावाजलेला प्रांत. तेथे सेनांक नावाचा ख्रिस्ती साधूंचा मठ ११४८ साली स्थापन झाला. आज त्या मठापुढे लॅव्हेंडरचे वाफे आहेत, राहायला येणाऱ्यांसाठी खोल्या आहेत आणि मळ्याचा माल विकणारे दुकानही आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर ब्राइडस्टो नावाचा मळा आहे. लंडनहून आलेल्या डेनी कुटुंबाने फ्रान्सच्या डोंगरातले बी आणून १९२० च्या दशकात तो उभा केला. आपल्या देशात जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील भदरवाह हे गाव या पिकासाठी पुढे आले. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून तेथील मक्याच्या शेतकऱ्यांना रोपे मिळाली. मे २०२२ मध्ये तेथे लॅव्हेंडर महोत्सव भरला आणि २६ जानेवारी २०२४ च्या दिल्लीतील संचलनात या शेतीचा चित्ररथही निघाला.

फुलाआधीची कामे

या मळ्यांवर वसंतात काय चालते? बर्फ वितळले की पहिली फेरी झाडे पाहण्याची. कोणते झुडूप थंडीने मेले आणि कोणत्याच्या बुडाशी हिरवा कोंब आला, हे ओळखावे लागते. मग वाळलेल्या शेंड्यांची हलकी छाटणी होते. जुन्या कठीण लाकडापर्यंत कात्री गेली तर झुडूप पुन्हा फुटत नाही, म्हणून हे काम सरावाच्या हातालाच देतात. त्यानंतर खुरपणी. लॅव्हेंडरचे रोप सावकाश वाढते, तण झपाट्याने वाढते. त्यामुळे वसंतातला सर्वात मोठा खर्च खुरपणीचा असतो. मेलेल्या झाडांच्या जागी आधी तयार केलेली कलमे लावून नांग्या भरतात. खत जवळजवळ देत नाहीत, कारण जास्त खताने पाला माजतो आणि फुलांचे तेल कमी होते.

शेतात हे चालू असताना भट्टीखान्यात दुसरे काम असते. डेगचे सांधे तपासायचे, वाफेच्या नळीतले साठलेले थर काढायचे, झाकणाची गळती बंद करायची. कापणी उत्तरेकडच्या देशांत जून-जुलैत येते. तेव्हा ताजी फुले भट्टीत घालून वाफेवर अर्ध्या ते एका तासात तेल निघते. त्या दिवसांत भट्टी एक दिवस बंद पडली तर कापलेला माल तापून त्याचा वास बिघडतो. वसंतात दुरुस्तीवर केलेला खर्च म्हणजे हंगामाचा विमाच.

मुक्कामाचे घर कशासाठी

शंभर किलो फुलांतून साधारण एक किलो तेल निघते, कधी त्याहून कमी. हे तेल ठोक बाजारात विकले की भाव ठरवणारा घेणारा असतो. मळेवाल्याच्या हातात भाव राहत नाही. म्हणून जुन्या मळ्यांनी दुकान आणि मुक्कामाची सोय जोडली. पाहुणा येतो, दोन रात्री राहतो, नाश्त्याला मळ्यातला मध खातो आणि जाताना साबण, पिशवी, बाटली घेऊन जातो. त्या बाटलीचा भाव मळेवाला स्वतः ठरवतो.

ब्राइडस्टो मळ्याचे उदाहरण व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. सुकलेली लॅव्हेंडरची फुले आणि गहू भरून त्यांनी जांभळ्या अस्वलाचे खेळणे तयार केले. २०१३ च्या सुमारास चीनमधून त्याला एवढी मागणी आली की एका गिऱ्हाइकाला एकच खेळणे देण्याचा नियम करावा लागला. फुले तीच, शेत तेच. कापड, शिलाई आणि कल्पना एवढीच भर पडली आणि किरकोळ फुलांना मोठी किंमत आली. ही भर कारागिराची आहे, हे आमच्या कारागीर बांधवांनी ध्यानात घ्यावे.

आपल्या काळ्या जमिनीत लॅव्हेंडर

आता मूळ प्रश्न. नांदेड-लातूरच्या शेतात लॅव्हेंडर होईल का? आमचे उत्तर स्पष्ट आहे: धंदा म्हणून होणार नाही. या झुडपाला हिवाळ्यातली कडक थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. त्याला पाण्याचा झटपट निचरा लागतो. आपली भारी काळी जमीन पावसाळ्यात आठवडा आठवडा ओल धरून बसते आणि मुळे कुजतात. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. कुंडीत सावलीला चार रोपे हौसेने जगवता येतील. पण एकरी हजारो रोपे विकत घेऊन तेलाची वाट पाहणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे. रोपे विकणाऱ्याचा नफा रोपे विकली की पूर्ण होतो. घेणाऱ्याचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. कोणी खरेदीच्या हमीचा कागद दाखवून आगाऊ रक्कम मागत असेल तर त्याने मागच्या तीन वर्षांत कोणाचे किती तेल घेतले आणि पैसे कसे दिले, हे आधी पाहावे.

आपले स्वतःचे सुगंधी गवत

लॅव्हेंडर नाही म्हणून सुगंधी शेती नाही, असे मात्र नाही. महाराष्ट्राचे स्वतःचे सुगंधी पीक शेकडो मैलांचा व्यापार करून आले आहे. ते म्हणजे तिखाडी, ज्याला रोशा गवत असेही म्हणतात. किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यातल्या लोकांना ते नवे नाही. त्याच्या तेलाला गुलाबासारखा वास येतो, कारण गुलाबात असणारे जिरॅनिऑल हे द्रव्य या तेलात ७५ ते ९० टक्के असते.

एकोणिसाव्या शतकात खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे या भागात या तेलाच्या भट्ट्या चालत. ओढ्याच्या काठी चूल मांडायची, लोखंडी हंड्यात गवत आणि पाणी भरायचे, बांबूच्या नळीने वाफ तांब्याच्या भांड्यात न्यायची आणि ते भांडे वाहत्या पाण्यात ठेवायचे. वाफ थंड झाली की पाण्यावर तेल तरंगते. कनौजच्या अत्तरवाल्यांची डेग-भपक्याची रीत याच तत्त्वावर चालते.

हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे इस्तंबूलला जाई आणि तेथून बल्गेरियात. तेथे महागड्या गुलाबतेलात ते मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम’ म्हणत. गवत खानदेशचे, घाम खानदेशचा आणि नाव तुर्कस्तानचे. ज्याच्याकडे नाव आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे नफा, हा व्यापाराचा नियम तेव्हाही तोच होता.

तिखाडीत दोन प्रकार आहेत आणि व्यापाऱ्याने ते ओळखले पाहिजेत. मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळजवळ सारखे, पण गुलाबी वासाचे किमती तेल मोतियाचे. सोफियाचे तेल हलके मानतात आणि त्याला भाव कमी मिळतो. म्हणून बी कोठूनही उचलू नये. लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेने तृष्णा, पीआरसी-१ यांसारखी मोतियाची सुधारित वाणे दिली आहेत. या संस्थेचे संशोधन केंद्र हैदराबादलाही आहे, म्हणजे नांदेड-लातूरहून एका रात्रीच्या प्रवासावर. जंगलातले गवत मात्र परवानगीशिवाय कापू नये. ते वनउपज आहे आणि गुन्हा दाखल होऊ शकतो.

तिखाडीबरोबर दुसरी दोन पिके विचारात घ्यावीत. एक गवती चहा, ज्याचे तेल साबण, फिनेल, अगरबत्ती यांत जाते. दुसरा वाळा, म्हणजेच खस. खशीच्या अत्तराला आपल्या भागात उन्हाळ्यात मागणी असते, हे अत्तराच्या दुकानदाराला वेगळे सांगायला नको. पण वाळ्याची मुळे खणून काढावी लागतात, म्हणून त्याला नदीकाठची वाळूमिश्रित जमीन हवी. भारी काळ्या रानात खणणीची मजुरीच पीक खाऊन टाकते.

मराठवाड्याचा वसंत, महिन्यामहिन्याने

आता अशा मळ्यावर आपल्याकडे वसंत कसा जाईल ते पाहू.

माघ संपेपर्यंत वाळा खणून झालेला असावा. त्याला लावणीपासून वर्ष ते दीड वर्ष लागते आणि कोरड्या थंडीत काढलेल्या मुळांना तेल चांगले असते. मुळे धुऊन सावलीत वाळवायची. त्यांपैकी जाड, जुनी मुळे भट्टीकडे जातात. तेथे १४ तासांहून अधिक वेळ वाफ द्यावी लागते, कारण खशीचे तेल जड असते आणि सावकाश सुटते. लांब, बारीक मुळे पडदे आणि टट्ट्या विणणाऱ्यांकडे जातात. त्यांची गिऱ्हाइकी फाल्गुनात सुरू होते आणि पाऊस पडला की संपते.

फाल्गुनात पळस फुलतो. विहिरीला पाणी असेल तर तिखाडीची आणि गवती चहाची एक कापणी याच सुमारास घेता येते. तिखाडी फुलोऱ्यात आल्यावर आठ-दहा दिवसांनी कापावी. तेव्हा तेल सर्वात जास्त भरते. कापलेले गवत काही तास सावलीत सुकवून भट्टीत घातले की अडीच-तीन तासांत तेल उतरते. उरलेला चोथा वाळवून पुढच्या घाण्याला इंधन म्हणून वापरतात. त्यामुळे लाकडाचा खर्च बराच वाचतो.

चैत्रात कडुनिंब मोहरतो आणि मोगरा बहरात येतो. हिवाळ्यात छाटणी करून ताण दिलेला मोगरा मार्चपासून जूनपर्यंत कळ्या देतो. कळी उजाडण्याआधी खुडावी लागते आणि सकाळच्या बाजारात पोहोचवावी लागते. दुपारपर्यंत तिचा भाव अर्ध्यावर येतो. मळ्यावर एखाद्या कोपऱ्यात पाच-सहा गुंठे मोगरा असेल तर वसंतात रोजचा रोख पैसा येतो आणि मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला फुलेही दिसतात. परदेशच्या मळ्यांवर जे काम जांभळे फूल करते ते येथे पांढरा मोगरा करील.

वैशाखात तिखाडीचे वाफे टाकायचे. बी फार बारीक असते, म्हणून वाळूत मिसळून पेरतात. हेक्टरला अडीच किलो बी पुरते. ही रोपे पाऊस पडला की जून-जुलैत रानात जातात आणि तीन-साडेतीन महिन्यांनी पहिली कापणी देतात. एकदा लावलेले पीक चार वर्षे तरी बरे उत्पन्न देते. गवती चहाचे ठोंबही याच सुमारास निवडून ठेवतात.

एका एकराचा आणि एका भट्टीचा हिशेब

पाण्याची सोय आणि चांगली निगा असेल तर तिखाडीचे एकरी वर्षाला सुमारे १० टन हिरवे गवत धरता येते. तेलाचा उतारा अर्धा टक्का धरला तर ५० किलो तेल झाले. कोरडवाहू रानात हा आकडा बराच खाली येतो.

आता भट्टीकडे पाहा. ५०० किलो गवत मावणारी भट्टी घेतली तर १० टनांचे २० घाणे होतात. दिवसाला दोन घाणे घेतले तरी सारे काम १० दिवसांत संपते. म्हणजे एका एकरासाठी घेतलेली भट्टी वर्षातले ३५५ दिवस रिकामी उभी राहते. नुकसान होते ते येथे. लोक शेताचा विचार करतात, भट्टीचा करत नाहीत. एका भट्टीमागे १० ते १५ एकर गवत जोडले तरच तिचा खर्च निघतो.

म्हणून व्यापाऱ्याने आपली जागा ओळखावी. त्याने शेतकरी होण्यापेक्षा भट्टीवाला आणि विक्रेता व्हावे. त्याला आणखी एक कारण आहे. शेतकरी नसलेल्या माणसाला आपल्या राज्यात शेतजमीन सहज विकत घेता येत नाही. मराठवाड्यात त्यासाठी हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० लागू आहे. तेव्हा सातबारा असलेल्या शेतकऱ्याशी लेखी करार करावा. गवताचा दर किलोवर ठरवायचा की तेलातला वाटा, वाहतूक कोणाची, घाणा बिघडला तर तोटा कोणाचा, हे आधी लिहून ठेवावे. तोंडी विश्वास पहिल्या हंगामापर्यंत टिकतो. कागद पुढच्या हंगामालाही कामाला येतो.

पाण्याचा हिशेब

मुक्कामाच्या घराची गोष्ट निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. तो वसंत लातूरकर विसरलेले नाहीत.

शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. चार खोल्या, प्रत्येकीत दोन पाहुणे, म्हणजे रोज १,०८० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर विकत घेतला तर नऊ दिवस पुरतो. खोलीचे भाडे ठरवताना हा टँकर धरला नाही तर पाहुणे वाढतील तसा तोटा वाढेल. भट्टीलाही वाफ थंड करण्यासाठी पाणी लागते. ते हौदातून फिरवून पुन्हा वापरावे, सोडून देऊ नये. न्हाणीचे पाणी मोगऱ्याला आणि गवती चहाला द्यावे. पाणी कमी असलेल्या रानात मुक्कामाची सोय उभी करण्यापेक्षा दिवसभराची सहल ठेवणे शहाणपणाचे. पाहुणा सकाळी येईल, जेवून संध्याकाळी परत जाईल. पाण्याचा खर्च निम्म्याहून कमी होईल.

पाहुणा कोठून येईल

शहरी माणूस पैसे देऊन शेतावर येतो, हे आता सिद्ध करायला नको. बारामतीजवळ पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये कृषी पर्यटनाचे केंद्र सुरू केले आणि राज्यभर त्याचे अनुकरण झाले. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार पर्यटन विभागाकडे केंद्राची नोंदणी करता येते. आपल्या मराठवाड्यातली हुरडा पार्टी म्हणजे याचेच घरगुती रूप. पौष-माघात आगटीभोवती बसून हुरडा खाणारी कुटुंबे फाल्गुनात येणे बंद होतात. सुगंधी मळ्याने हीच रिकामी जागा भरायची आहे.

नांदेडला वसंतात पाहुणे कमी नसतात. होळीच्या सुमारास हल्ला-महल्ल्यासाठी सचखंड गुरुद्वाऱ्यात देशभरातून भाविक येतात. माहूरला रेणुकादेवीचे आणि सोनापीर दर्ग्याचे, कंधारला हाजी सय्याह दर्ग्याचे आणि किल्ल्याचे यात्रेकरू व प्रवासी असतात. लातूरकडे औसा आणि उदगीरचे किल्ले, खरोशाची लेणी आहेत. या रस्त्यांवर असलेला मळा जाता-येता थांबण्याचे ठिकाण होऊ शकतो. उन्हामुळे चैत्रानंतर पाहुण्याचा दिवस दोन तुकड्यांत विभागतो. पहाटे मोगऱ्याची खुडणी आणि संध्याकाळी भट्टीवरचा घाणा. दुपारी जाड भिंतीची, खसटट्टी लावलेली सावली. जेवण साधे पण ताजे असावे, आणि खाऊ घालायचे तर अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी आधी करावी.

अत्तराच्या दुकानदारांसाठी आणखी एक मुद्दा. ईदुल्फित्र २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला आली. दरवर्षी ती १० ते ११ दिवस अलीकडे सरकते. म्हणजे या काही वर्षांत रमजानची गिऱ्हाइकी फाल्गुन-माघाकडे, मुळांच्या आणि भट्टीच्या हंगामाकडे येते आहे. खशीचा ताजा माल आणि ईदचा बाजार जवळ जवळ येण्याची ही वर्षे वाया घालवू नयेत.

कारागिरांचा वाटा

या धंद्यात शेतापेक्षा जास्त हात शेताबाहेर लागतात. डेग घडवणारा, तिला सांधे देणारा वेल्डर, कल्हईवाला, टट्टी विणणारा, पिशव्या शिवणारा शिंपी, लाकडी पेटी करणारा सुतार. उदगीरपासून जवळच बीदर आहे. तेथील बिदरी कारागीर जस्त आणि तांब्याच्या ओतकामावर चांदीची तार बसवतात आणि बीदरच्या किल्ल्यातल्या मातीने त्याला काळा रंग आणतात. अत्तरदाणी आणि गुलाबपाश हे त्यांचे जुने काम. पाच मिलिलिटर तेलाची बाटली साध्या खोक्यात एका भावाने जाते, बिदरी अत्तरदाणीत ती लग्नाची भेट होते. वाळ्याच्या उरलेल्या मुळांच्या छोट्या पिशव्या कपाटासाठी विकता येतात. ब्राइडस्टोच्या अस्वलाने हेच केले.

कारागिराने एक दक्षता घ्यावी. आपला माल मळ्याच्या दुकानात केवळ उधारीवर ठेवू नये. निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी महिन्याने, असा करार असावा.

पैसे घालण्याआधी

शेवटी कामांचा क्रम सांगतो, कारण या धंद्यात तोटा बहुधा क्रम चुकल्याने होतो. पुष्कळ जण आधी खोल्या बांधतात, मग रोपे लावतात, मग भट्टी आणतात आणि सर्वात शेवटी गिऱ्हाईक शोधतात. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे.

पहिले गिऱ्हाईक. हैदराबाद, मुंबई, कनौज येथील दोन-तीन घेणाऱ्यांना भेटावे, त्यांना कोणत्या दर्जाचे तेल हवे ते विचारावे. तेलाची तपासणी यंत्रावर होते आणि कशात काय मिसळले ते लगेच कळते. एकदा भेसळ सापडली की तो दरवाजा कायमचा बंद होतो. दुसरे, भट्टी, आणि तिला पुरेल एवढे गवत देणारे शेतकरी. आधी एखाद्या चालू भट्टीवर मजुरीने दोन-चार घाणे काढून पाहावेत. कनौजला सुगंध उद्योगासाठी १९९१ पासून सरकारी विकास केंद्र आहे, तेथे प्रशिक्षण मिळते. तिसरे, दुकान आणि कारागिरांचा माल. आणि मुक्कामाच्या खोल्या सर्वात शेवटी, तेही विहिरीचे पाणी एक पूर्ण उन्हाळा मोजून झाल्यावर.

येत्या वैशाखात ज्याला सुरुवात करायची असेल त्याने एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या मुरमाड, निचऱ्याच्या रानात दहा गुंठे तिखाडी लावण्यापुरतीच रोपे तयार करावीत. तेवढ्या गवतातून पहिल्या वर्षी काही किलो तेल निघेल. ते तेल घेऊन बाजारात जावे, भाव विचारावा, नमुना तपासून घ्यावा. पुढच्या वसंतात वाढवायचे की थांबायचे, हे दहा गुंठ्यांच्या जमाखर्चावरून ठरवता येईल, आणि थांबायचे ठरले तरी दुकानाच्या भांडवलाला धक्का लागणार नाही.